मडक्यातला नवरदेव

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी नवरदेव झाले. आयब्रो पेन्सिलीनं काढलेल्या मिशा, अंगात पुतण्याची पॅन्ट, आणि लपायला मडकं. हसा, खुशाल हसा.

त्याचं असं झालं. माझ्या लेकीच्या पत्रिकेत मंगळ आहे. पोरगी संगमनेरला कॉलेज करता करता मोबाईलवर फिल्म बनवायला शिकली. हुशार, कामाला वाघीण. पण स्थळ आलं की मंगळ आडवा. शेवटी एका ठिकाणी जमलं, तर त्यांची अट, आधी कुंभविवाह करा. म्हणजे मुलीचं लग्न पहिल्यांदा मडक्याशी लावायचं आणि ते मडकं नदीत बुडवायचं. मंगळवालीचा पहिला नवरा मरतो म्हणे! तेव्हा मरायचं ते मडकं मरेल आणि यांचा नवरदेव सुखरूप. केवढी ही छाती! आमच्या मालकांनी निमूट मान डोलावली. सोमवार ठरला.

लेक दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आई, तुझंही असंच झालं होतं ना? सांग ना."

मी ते आजवर कुणापाशी बोलले नव्हते. एकोणीस वर्षांची मी, अंगावर शालू, मधे अंतरपाट, आणि पलीकडे पाटावर मडकं. अंतरपाट दूर झाला तेव्हा माझा मामा माझ्याकडे बघेना. मी अवदसा आहे असं सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं वाटलं. सासूबाईंचा हट्ट आहे, असं मला सांगितलेलं. मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

मी जीव तोडून सांगतेय आणि ही बया खो-खो हसत सुटली! मला असा राग आला. तर माझा हात धरून म्हणते, "अगं, लाज मडकं मांडणाऱ्यांना वाटायला हवी, तुला का? आई, त्या मडक्यात कुणी बसलेलं असतं तर गं?"

झालं, तिच्या डोक्यात फिल्म शिरली. जुन्या काळच्या विनोदी फिल्मांसारखी मुकी, काळीपांढरी, माणसं भराभर पळणारी. मंगळ असलेल्या मुलीचा प्रियकर घरच्यांना फसवून मडक्यात लपतो. अक्षता पडतात, मुलगी हार घालते, मडकं शिंकतं. वऱ्हाड ते बुडवायला नदीवर नेतं, तर मडक्याला पाय फुटतात! पुढं मडकं, मागं वऱ्हाड. शेवटी मडकं फुटतं, आतून नवरदेव जिवंत बाहेर, आणि लग्न तर लागून गेलेलं.

नवरी लेकच झाली. पण लग्न ठरलेल्या पोरीनं परक्या मुलाबरोबर काम केलं तर गाव जगू देईल? "आई, तूच बस," म्हणाली. कोंबड्या झाकायच्या डालग्याला कागद चिकटवून, गेरू फासून मडकं केलं. ते अंगावर घेऊन मी प्रवरेच्या काठानं पळाले. दोनदा आपटले, दोन्ही गुडघे सोलून निघाले. बचत गटाच्या बायका वऱ्हाडी; त्यांना तर पळायचं सोडून हसूच आवरेना.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये गटाचं हळदीकुंकू होतं. तिथंच फिल्म दाखवायची म्हणून खिडक्यांना पोती लावून भरदुपारी अंधार केला. पोती लावायला आलेले मालक मागंच थांबले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढच्या रांगेत मुलाची मावशी. ती आमच्याच गावात दिलेली, आणि स्थळ तिनंच आणलेलं.

मडकं शिंकलं आणि हॉलात हशा फुटला. पळायला लागलं तेव्हा मागून मालकांचं हसणंही ऐकू आलं. मग मडकं फुटून मिशीवाली मी बाहेर आले, आणि त्यांचं हसणं एकदम थांबलं.

पोती काढली. मावशी म्हणाली, "थट्टा झाली. आता सोमवारी मडकं तुमी आनताय का आमी?"

"मडकं येनार न्हाई," मालक म्हणाले. सगळ्या बायका मागं वळल्या. "हिला मी मडक्यापुढं उभी केली हुती. आई नगंच म्हनत हुती. मला मरायची भीती वाटली, अन् नाव आईचं पुढं केलं."

माझं डोकं असं सणकलं! "चौतीस वर्सं मी त्या माउलीला बोल लावला, आन तुमी गप बसला?" भर हॉलात मी ओरडले.

"व्हय," ते मान खाली घालून म्हणाले. "चुकलं माझं."

चारचौघांत बायकोपुढं चुकलो म्हणणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. राग गेला नाही माझा, अजून गेलेला नाही. पण लेकीकडं पाहिलं आणि छाती भरून आली. जे मला जन्मात विचारता आलं नाही, ते या पोरीनं हसवता हसवता वदवून घेतलं.

मावशी पिशवी घेऊन उठली. "मग पोरगी बसंल तुमच्या घरातच!"

"बसू द्या," मालक म्हणाले. "घर तिचंच हाय."

दिवेलागणीला निरोप आला, स्थळ मोडलं. मी गटाच्या सगळ्या बायकांना पेढे वाटले.