सगळ्यांचेच पाय वाकडे

"कॅमेरा बिगडलाय का माझी पोरं बिगडल्यात?" सिरसाळ्याच्या मैदानावर कबड्डीचे कोच शेळके सर माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकून म्हणाले.

फोटोत चढाई करणाऱ्या प्रत्येक पोराचे पाय वाकडे आलेले. नडगी मधूनच रबरासारखी वळलेली, चेहरे मात्र शांत. एकामागून एक फोटो सरकवत गेलो आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

नवा कॅमेरा मी काही हौसेनं घेतलेला नव्हता. कबड्डीत रेषेला खेटून बसल्याशिवाय फोटोत जीव येत नाही. आणि माझ्या जुन्या कॅमेऱ्याची खटखट पंचांना खुपायची. चढाईवाल्याचा 'कबड्डी कबड्डी' दम त्यांना ऐकू यायला हवा ना! म्हणून हा सायलेंट शटरवाला घेतला.

घोळ तिथंच होता. सायलेंट मोडमध्ये शटरचा पडदा हलत नाही. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो. तोवर पळणारा पाय पुढं गेलेला असतो, म्हणून तो वाकडा उमटतो. याला रोलिंग शटर म्हणतात.

सरांना हे पटेना. "लक्षण चांगलं न्हाई. बालाजीचा पाय तर बगवत न्हाई. उद्या मी त्याला उतरवत नसतो."

बालाजी त्यांचा सगळ्यात चपळ चढाईवाला. दुसऱ्या दिवशी जिल्हा संघाची निवड होती, आणि वयात बसणारं त्याचं हे शेवटचं वर्ष. तो रडकुंडीला आला. "काका, सांगा की सरांना! फोटूपायी निवड घालवता काय माझी?"

"अहो सर, भूतबीत काही नाही, मशीनचा खेळ आहे," असं म्हणत मी पिशवीतून जुना कॅमेरा काढला. सरावात कुठले आलेत पंच! त्याचा पडदा खरोखर उघडतो-मिटतो, पाय असतो तसा येतो.

पोरांना पुन्हा चढाई करायला लावून फोटो काढले, तर सगळ्यांचे पाय सरळ आले. फक्त बालाजीचा डावा गुडघा नाही.

टाच टेकली की तो आतल्या बाजूला कलंडायचा, पुढच्याच फोटोत पुन्हा जागेवर. मान वर करून पाहिलं तर मैदानात बालाजी हसत उड्या मारतोय. स्क्रीनवर त्याचा पाय मोडतोय. आईशप्पथ, मला तो कॅमेरा हातात धरवेना.

सरांनी त्याला बाजूला घेतलं. "कवापसून हाय बे हे?"

बालाजी खाली बघत म्हणाला, "दुखत न्हाई सर. निसता पाय सुटल्यावानी होतो. सांगितलं असतं तर खेळवलं असतं का तुमी?"

बीडला एमआरआय केला. गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा पट्टा, लिगामेंट, अर्धा फाटलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादी जोरदार उडी, की उरलेलाही गेला असता. निवड हुकली. बालाजीचा पाय वाचला, पण तो माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही.

अशा जवळच्या, वेगवान खेळाला कोणता कॅमेरा घेऊ, असं फोटो काढायला शिकणारी पोरं विचारतात. मी म्हणतो, खटखट करणारा घे, पंच शिव्या देतील तर देऊ दे. जो सगळ्यांचेच पाय वाकडे दाखवतो, त्यात खरोखर मोडणारा पाय ओळखू येत नाही.