मास्तरांची उजवी बाजू

टेलरमास्तर दात घासायचे ते करपलेलं पातेलं घासावं तसे. आडवा ब्रश, दणादण. चाळिशी उलटता उलटता वरच्या दोन्ही सुळ्यांना हिरडीलगत खाचा पडल्या आणि गार पाणी प्यायलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दातांच्या कॉलेजात काम फुकट होतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ते तिथे गेले.

तिथल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं. "काका, हा एक अभ्यास आहे. दोन्ही खाचांत सिमेंट एकच भरणार. पण ते दाताला धरून राहावं म्हणून खाली जो गोंद लावतात, तो डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा."

"चांगला कुठला?"

"तेच तर बघायचंय. आज दोन्ही घट्ट बसतील. पण तोंडात कायम ओल, गरम-गार, चावणं. त्यात वर्षानुवर्षं कुठला टिकतो, हा प्रश्न आहे. दरवर्षी दाखवायला याल?"

मास्तरांना ते पटलं. ट्रायलच्या दिवशी शिवण कुणाचीच उसवत नाही. "येईन," ते म्हणाले.

आणि खरंच जात राहिले. अभ्यासातली बाकीची माणसं फिलिंगांच्या आधी गळाली. कुणी घर बदललं, कुणी फोन उचलेना, एक-दोघं सिमेंटसकट वर गेले. बाईंचं लग्न झालं, केस पिकले, त्या विभागप्रमुख झाल्या. मास्तर आले की त्या स्वतः दातावर हवेचा फवारा मारायच्या, बारीक सळईने कडा चाचपायच्या, फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "दोन्ही जागेवर. उत्तम." दुकानात गिऱ्हाइकं बाही आखूड झाली म्हणायची, घरी बायको ऐकू येत नाही का म्हणायची. 'उत्तम' म्हणणारं माणूस एवढं एकच होतं.

मग एका सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये टिक असा आवाज झाला आणि काहीतरी जाळीतून खाली गेलं. मास्तरांनी जीभ फिरवली. उजवीकडची जुनी खाच परत आली होती.

"बाईंना काय वाटेल?" ते बायकोला म्हणाले.

"गोंद तुम्ही लावला होता का?"

"नाही."

"मग चहा प्या."

मास्तरांनी चहा घेतला आणि दुकान उघडण्याआधी शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरकडून खाच भरून घेतली.

त्या वर्षी तपासणीला बायकोही सोबत आली. तिची दाढ दुखत होती. बाईंनी मास्तरांच्या तोंडात आरसा घातला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"कमाल आहे. कड काळवंडलेलीसुद्धा नाही. काका, उजवीकडचं तर कालच भरल्यासारखं दिसतंय."

मास्तर छताकडे बघत राहिले. तोंडात आरसा असल्यामुळे बोलता येत नव्हतं, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडलं.

"काल नाही," दाराशी बसलेली बायको म्हणाली. "दोनेक महिने झाले. जुनं बेसिनमध्ये गेलं, हे गल्लीतल्या डॉक्टरचं आहे."

बाईंनी आरसा बाहेर काढला. "का हो काका?"

"इतकी वर्षं मेहनत घेतलीत. म्हटलं, आता तुम्हाला तोंड कसं दाखवू."

"तोंड दाखवायलाच तर येता तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून बसल्या. "अहो, पडलं तर पडलं हेच मला कळायला हवं. मी आता 'जागेवर' लिहिलं असतं. मग तो गोंद टिकाऊ म्हणून आणखी हजार लोकांच्या दातांना लागला असता."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी बाद?"

"उजवी बाजू बाद. डावी चालू."

बाईंनी कॉम्प्युटरवर उजवीकडच्या गोंदाची रेघ दाखवली. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी. प्रत्येक पायरी म्हणजे एक सुटलेलं फिलिंग. त्यांनी फिलिंग पडल्याचा महिना विचारून त्यात भरला आणि रेघ आणखी एक पायरी उतरली.

"ही तुमची."

बायकोने वाकून पाहिलं. "एवढीशी?"

"उलट मोठी आहे. आता उरलेत थोडे, म्हणून एकेकाला वजन जास्त."

मास्तर बराच वेळ त्या पायरीकडे बघत होते. मग बायकोची दाढ तपासायची म्हणून त्यांना बाहेर बसायला सांगितलं. बाकावर गालाला रुमाल धरून एक जण बसला होता.

"तुमचा कुठला दुखतोय?" त्याने विचारलं.

"दुखत काही नाही," मास्तर म्हणाले. "मी अभ्यासात आहे. डावीकडून."