सकाळी अकराची वेळ

रत्नागिरीच्या मांडवीत मी राहतो तिथे माझ्याबद्दल एक मत आहे: माणूस शिष्ट. लग्नाच्या रिसेप्शनला येत नाही, गणपतीत संध्याकाळच्या आरतीला येत नाही, दिवेलागण झाली की दार लावून घेतो. मी ते मत कधी खोडलं नाही. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणं सोपं गेलं. लग्नही केलं नाही. जबाबदाऱ्या होत्या, असं सांगत आलो.

खरं म्हणजे मला रातांधळेपणा आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी अंधारातलं जातं, मग कडेकडेचं, आणि शेवटी नळीतून पाहावं तेवढं मधलं उरतं. सत्ताविसाव्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी मला त्याचं नाव सांगितलं. हेही सांगितलं, की हा घराण्यात चालतो, भावंडं असतील तर त्यांना घेऊन या.

भावंड एकच, धाकटी बहीण. तेवीस वर्षांची होती आणि तिच्या लग्नाचं चाललं होतं.

तिलाही तो आहे, हे कळायला मला डॉक्टर नको होते. मला अजून बरं दिसत होतं त्या वयातही ती तिन्हीसांजेनंतर खळ्यात जायचं तर माझ्या शर्टाचं टोक धरायची. आई म्हणायची, अंधाराला भिते. मी डॉक्टरांचा कागद घडी करून ठेवला. आईला सांगितलं, नंबर वाढलाय. बहिणीलाही तेच.

वडील नव्हते, त्यामुळे बोलणी माझ्याकडे. मुलाकडचे संगमेश्वरजवळचे. त्यांना संध्याकाळी बघायला यायचं होतं. मी म्हटलं, "नको, परतीची गाडी चुकेल. सकाळी अकराला या, जेवूनच जा." बहीण पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली ती मान खाली घालून, एकेक पाऊल बघून टाकत. कडेचं तिला दिवसाही नीट दिसेनासं झालं होतं. मुलाची आत्या खूश झाली. "आजकालच्या पोरी कशा टकामका बघतात! हिची नजर वर नाही हो. वळण आहे." मी आत्याबाईंना आणखी पोहे वाढले.

त्यानंतर सत्तावीस वर्षं ती सासरी धांदरट म्हणून राहिली. संध्याकाळी कळशी लवंडायची, उंबऱ्याला ठेच लागायची, कुणाच्या ताटात पाय पडायचा. सासू म्हणायची, "दिवे लागले की हिचं चित्त माहेरी." भाऊबीजेला आली की ती स्वतःच हसत हे सगळं सांगायची. मीही हसायचो.

गेल्या वर्षी माझं मधलंही धुरकटलं. वर्तमानपत्रातल्या ओळी पुसट झाल्या तेव्हा घाबरलो, आणि महिन्यातून एकदा रत्नागिरीत येतात त्या पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळ्यांत थेंब घालून तासभर बाकावर बसवलं. बाकावर प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी होतं. नर्सने विचारलं, "बरोबर कोण आहे?" मी म्हटलं, "येतायत." कुणी येणार नव्हतं.

डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. "मूळ आजारावर इलाज नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण ही मध्यभागी सूज आहे, ती बहुतेकदा औषधाने उतरते. उशीर केलात तर मधलीही नजर जाते. घरात आणखी कुणाला?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं. उठलो, दारापर्यंत गेलो, आणि कडी मुठीत धरून थांबलो. उशीर केलात तर. परत येऊन बसलो.

"बहीण आहे. पन्नाशीची."

"तिला कोण बघतं?"

"तिला माहीतच नाही."

डॉक्टर माझ्याहून लहान असतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी कागद गोळा करायला लागलो. ते म्हणाले, "पुढच्या वेळी तिला आणा. आणि तिला मुलं असतील तर त्यांनाही."

दोन दिवसांनी सकाळच्या एसटीने गेलो. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. "या! बहिणीचं घर सापडलं म्हणायचं." बहीण आत वाल सोलत होती, बोटांनी चाचपून, वाटीकडे न बघता.

"दादा? न कळवता? बरं आहे ना रे?"

मी सांगितलं. एसटीत जुळवलेलं सगळं विसरलो, नुसतं आजाराचं नाव घेतलं आणि तो तुलाही आहे म्हणालो. तिने नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"तुझ्या लग्नाआधी."

बाहेरून सासूबाईंची हाक आली, "काय गो, पाव्हण्याला चहा टाकलास की नाही?" तिने ओ दिली नाही.

"मुलगी दोन वर्षांची होती," ती म्हणाली. "तिन्हीसांजेची पायरी दिसली नाही मला. तिला घेऊन पडले. तिच्या हनुवटीला टाके पडले. तू भेटायला आला होतास."

"हो."

"ह्यांच्यासमोर, सासूबाईंसमोर मला म्हणालास, जरा लक्ष देत जा गं. म्हणालास ना?"

"म्हणालो."

तिने वालाची साल हातातून टाकली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि तिला? माझ्या पोरीला?"

"तपासायला हवं. बहुतेक नसेल."

"बहुतेक," ती म्हणाली. उठली, हात धुतले, पुण्याला मुलीला फोन लावला. बोलून झाल्यावर माझ्याकडे न वळता म्हणाली, "आम्ही जाऊ दोघी. तू येऊ नकोस." चहा तिने केला. मी तो प्यालो आणि दुपारच्या गाडीने परत आलो.

त्या दोघी डॉक्टरांकडे आल्या त्या दिवशी मी घरीच होतो. दवाखाना माझ्यापासून दहा मिनिटांवर. दुपारी मेहुण्यांचा फोन आला, तिचा नाही. मुलीचे डोळे स्वच्छ आहेत. हिला मध्ये सूज आहे, थेंब सुरू केलेत, उजव्या डोळ्याचं सांगता येत नाही म्हणाले. मेहुणे सरळ माणूस. म्हणाले, "आम्ही तिला किती बोललो हो इतकी वर्षं. कुणाच्या ध्यानात आलं नाही."

तिने त्यांना माझं काही सांगितलं नव्हतं. तसंच राहू देता आलं असतं.

"माझ्या ध्यानात होतं," मी म्हणालो. "लग्न ठरलं त्याच्याही आधीपासून. मी लपवलं. तिच्यापासूनसुद्धा."

फोन चालूच होता, पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी आईचं, परिस्थितीचं, कसलंच नाव पुढे केलं नाही. ते बोलेपर्यंत मी फोन कानाला धरून उभा राहिलो.