आमच्या पिकअपचं गिऱ्हाईक आज परत गेलं

आज सकाळी आमचा जुना फोर बाय फोर पिकअप विकला जाणार होता. पक्षाघातानंतर अब्बांना गाडी चालवता येत नाही, आणि अंगणात उभी असलेली ती रोज बघवतही नाही. कन्नड तालुक्याच्या डोंगरातून दूध आणणारे एक काका घ्यायला आले होते.

त्यांचा चहा होईपर्यंत मी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा गिअर, लावून पुढचं एक चाक जॅकवर उचललं. ही तपासणी मी शाळेत जायला लागायच्या आधी अब्बांनीच मला शिकवली होती. चाक हातानं फिरायला नको होतं. ते भिंगरीसारखं फिरलं. आत फोर बाय फोरचा दिवा लागत होता, पण पुढच्या चाकांना जोर मिळतच नव्हता. पुढची चाकं जोडून घेणारा व्हॅक्यूमचा पाइप बदलला, तरी तेच.

अब्बा हळूच म्हणाले, "दिवा लागतोय ना? मग गप बस, बेटा."

मी काकांना बोलावून चाक फिरवून दाखवलं.

"बरं झालं पोरी, चिखलात उतारावर लई अवघड झालं असतं," म्हणत ते निघून गेले.

दुपारी अब्बांचं ताट तसंच परत आलं. अजून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मला माफी मागायची नाही, पण त्यांना असं बघवतही नाही.

तुमच्या घरी असं झालं, तर पहिला शब्द कोण बोलतं?