कोपऱ्यातले बिनभाड्याचे शिंपले

परभणीत समुद्र आणायचं खूळ माझ्या नवऱ्याचं. घरात मी त्याला 'अहो' म्हणते. कागदावर ती सक्ती नाही. हा माणूस वाढला जिंतूरला. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच पाहिला, लग्नानंतर, तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आणि चपला हातात घेऊन. तेवढ्या भांडवलावर त्याने ठरवलं की आपल्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी हवी, तीत प्रवाळ हवेत आणि रंगीत मासे हवेत.

आमच्या गल्लीत नळ आठवड्याने येतो. त्या दिवशी मी हंडे, बादल्या, कुकर, सगळं भरून ठेवते. त्यातलं पाणी हा मशीनमधून गाळून घ्यायचा आणि पुड्यातलं मीठ कालवून खारट करायचा. अख्ख्या जिल्ह्यात गोडं पाणी मुद्दाम नासवणारा माणूस एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला. मग मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोक्यात दगड आले. त्यांना म्हणे 'जिवंत दगड' म्हणतात, कारण त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. साध्या दगडांची आमच्याकडे काय कमी होती, कोण जाणे.

टाकीचं मला एवढं वावडं नव्हतं. वावडं होतं ते जागेचं. पुढच्या खोलीतला खिडकीचा कोपरा मी मनातल्या मनात कधीचा धरून ठेवला होता. मी शाळेत मराठी शिकवते आणि अधूनमधून काहीबाही लिहिते. वह्या तपासायच्या पलंगावर, लिहायचं ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी. मला स्वतःचं एक टेबल हवं होतं आणि त्यावर खिडकीचा उजेड हवा होता, बस्स. त्याच कोपऱ्यात टाकी बसली. मी रुसले, भांडले, दोन दिवस आमटीत मीठ घातलं नाही. त्याने विचारलं तर मी म्हणाले, टाकीतलं घ्या.

शेवटी तो तहाला आला. "टाकीत एक जरी जीव जिवंत आहे ना, तोवर टाकी हालायची नाही. ज्या दिवशी रिकामी झाली, त्या दिवशी कोपरा तुझा. आईची शपथ!"

सासूबाई समोरच गहू निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी कामून खायलास? त्या दगडाची खा की, जित्ता हाय म्हणायलास ना."

करार असा झाला, साक्षीदारासकट.

मासे गोड होते, खोटं कशाला बोलू. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी आणि एक निळा, सदा रागावलेला. नवरा ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी त्यांना विचारायचा, "काय म्हणता?" मला असं कधी विचारल्याचं आठवत नाही.

मग मे महिना आला. वावटळ सुटली, खांब आडवा झाला आणि वीज गेली ती परत यायचं नाव घेईना. इन्व्हर्टरवर एकतर सासूबाईंचा पंखा चालणार, नाहीतर टाकीचा पंप. नवरा क्षणभर विचारात पडला. लगेच त्याने पंखाच लावला, पण तो क्षण सासूबाईंनी पाहिला आणि जन्मभरासाठी गाठीला बांधून ठेवला. टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं तापलं. आधी निळा गेला, मग जोडी. प्रवाळ पांढरे पडून झडले.

नवरा जेवेना. ऑफिसात फोन करून म्हणाला, "घरात दुःखद घटना घडलीये, येत नाही." संध्याकाळी त्याचे एक सहकारी पडलेल्या चेहऱ्याने भेटायला आले. चप्पल बाहेर काढली, मान खाली घालून सतरंजीवर बसले, "फार वाईट झालं" म्हणाले, आणि वर पाहतात तो समोर सासूबाई.

"मी हाय आजून," सासूबाई म्हणाल्या. "मासे गेले."

मला हसू आवरेना, म्हणून मी आत पळाले. पण खरं सांगायचं तर आत गेल्यावर आधी सुताराला फोन केला आणि टेबलाचं माप सांगितलं.

रविवारी टाकी रिकामी करायची ठरली. "माझ्याच्यानं बघवायचं नाही," असं म्हणून नवरा पाथरीला कुणाच्या तरी साखरपुड्याला निघून गेला. दुःखातही जेवणाची सोय पाहणारा माणूस. मी पदर खोचला. नळी लावून पाणी बादल्यांत काढलं, दगड परातीत ठेवले, आणि वाटीने वाळू उपसायला लागले. तेव्हा बोटाला काहीतरी टणक लागलं.

मला वाटलं खडा. तळहातावर घेऊन पाहिलं तर तुरीच्या डाळीएवढा शिंपला. वाळू हलक्या हाताने सारली, तर आणखी. काही हरभऱ्याएवढे. एकाने दोन बारीक नळ्या बाहेर काढल्या होत्या. बोट नेताच त्या आत ओढल्या आणि दार लावून घेतलं. जिवंत होते मेले! कुणी मागवले नव्हते, कुणी खाऊ घातलं नव्हतं, कुणी "काय म्हणता" विचारलं नव्हतं. दगडाच्या कपारीत बसून मुंबईहून आले आणि गुपचूप संसार थाटला. आमच्याकडे म्हणतात, बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्यांची बनली होती, तीही परभणीतच.

सासूबाई वाकून बघायला लागल्या. त्यांचं माहेर दुधनेच्या काठचं. "शिंपलेच हाईत गं. आमच्या नदीत लय असायचे. तुझ्या नवऱ्याला असल्याच शिंपीनं दूध पाजलंय मी." मग त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "टाक मोरीत. मी कायबी बघितलं न्हाई."

साक्षीदारच फितूर झाला होता. एक वाटी उपडी केली की कोपरा माझा. सुतार दुसऱ्या दिवशी टेबल आणणार होता. मी वाटी घेऊन मोरीपर्यंत गेले. तिथे उभी राहिले आणि मला भयंकर राग आला: नवऱ्याचा, त्याच्या शपथेचा आणि सगळ्यात जास्त त्या डाळीएवढ्या जिवांचा. मेले असते तर काय बिघडलं असतं? मग परत आले, वाळू टाकीत घातली, बादल्यांतलं पाणी ओतलं, पंप लावला. ओतताना मला रडू येत होतं.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला ओढतच टाकीपाशी नेलं. वाटलं, हा आनंदाने नाचेल आणि मी बसेन कपाळाला हात लावून. त्याने वाकून पाहिलं, सुस्कारा सोडला.

"हे होय? हे काय आपले थोडेच आहेत. दगडासंगं आलेत फुकटात. टाकून दे. टेबल आण तुझं."

कोपरा त्याने स्वतःच्या तोंडाने दिला. मी हो म्हणायला हवं होतं. पण 'आपले थोडेच' हे ऐकलं आणि माझी तार सटकली. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा कितीतरी वर्षं हेच कानावर पडायचं. दागिना कुठे ठेवलाय ते हिला कशाला, शेताचं हिला कशाला, ही काय आपली थोडीच. बोलणाऱ्या सासूबाई आता तिथेच होत्या आणि गव्हातला खडा फार बारकाईने शोधत होत्या.

"एक जरी जीव जिवंत आहे तोवर टाकी हालायची नाही," मी म्हणाले. "तुमचंच बोलणं आहे. टाकी राहील. आणि टेबलही येईल."

"कुठं?"

मी त्याच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. टीव्हीसमोरची, मागे रेलायची, तिच्यावर कुणी बसलं तर तो नुसता उभा राहून खाकरायचा, ती खुर्ची.

तो आईकडे वळला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडं कामून बघायलास? शपथ खाल्ली तवा इचारलंतंस का मला?"

खुर्ची गॅलरीत गेली. टेबल आलं. खिडकीचा उजेड आधी टाकीवर पडतो आणि मग माझ्या कागदावर, म्हणजे मला उष्टाच मिळतो, पण मिळतो. शिंपले वाढलेत. मिक्सर लावला की सगळे दारं लावून घेतात, बंद केला की नळ्या काढून बसतात. नळाच्या दिवशी नवरा अजूनही पाणी गाळतो, मीठ कालवतो. मी सांगितलेलं नाही. गॅलरीत बसून टीव्ही पाहायचा तर मान वाकडी करावी लागते, म्हणून हल्ली पाहतही नाही.

परवा तो ऑफिसातून आला. बूट न काढताच टाकीशी वाकला, काचेवर टिचकी मारायला गेला, नाही मारली. मग मला विचारलं, "आपले कसे आहेत?"

मी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते, आणि ते दिसले असते तर त्याने लगेच खुर्ची परत मागितली असती.