आमचे पॉझिट्रॉनवाले साडू

आमच्या साडूंइतका जमिनीवरच्या गोष्टींना कंटाळलेला माणूस सबंध दिल्लीत सापडणार नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मयूर विहारला आमच्याच सोसायटीत राहतात, पण मनाने त्यांचा मुक्काम कायम तीस-पस्तीस किलोमीटर वर, हवा जवळजवळ संपते तिथे. प्रचंड फुग्याला यंत्र बांधून तिथवर पाठवायचं आणि अंतराळातून येणारे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन मोजायचे, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या विद्युतभाराचा जुळा भाऊ, आणि भलताच दुर्मीळ. प्रोटॉनांच्या झुंडीतून एखादाच निवडून काढावा लागतो. त्यामुळे साडूंना गर्दीचं काही वाटत नाही. मेट्रोच्या दारात चेंगरत असतानाही ते शांतपणे म्हणतात, "अहो, हे सगळे प्रोटॉन. सोडून द्या."

वरचे नियम खाली लावायची तर त्यांना खोडच आहे. नातीच्या वाढदिवसाला फुगे फुगवायचं काम त्यांच्याकडे दिलं, तर त्यांनी सगळे फुगे जेमतेम फुगवून भिंतीवर टांगले. सुकलेल्या वांग्यांसारखे ते लोंबत होते. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "अहो, हे काय?"

"अगं, वर गेल्यावर गॅस पसरतो. आत्ताच गच्च भरले तर बिल्कुल फाटतील ना यार!"

"छताच्या वर कुठे निघालेत ते?" म्हणत ताई हसल्या आणि हसता हसता खोकायला लागल्या. त्या नोव्हेंबरात अख्खी दिल्लीच खोकत होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

खोकला थांबेना, तेव्हा गुरुग्रामच्या एका इस्पितळात त्यांचं पेट स्कॅन ठरलं. त्यात शिरेतून एक औषध देतात, ते शरीरात पॉझिट्रॉन सोडतं, आणि रोग दडलेला असेल तिथे ते जास्त साठतं. हे कळल्यावर साडू क्षणभर उजळले. तिथल्या तंत्रज्ञाला गाठून म्हणाले, "भैया, डिटेक्टर कौन-सा है? बॅकग्राउंड कितना आता है?"

"अंकल, आप बाहर बैठिए," तो वैतागून म्हणाला.

ते माझ्याशेजारी येऊन बसले. उत्साह कुठच्या कुठे गेला होता. म्हणाले, "जन्मभर यंत्र वर पाठवताना एकच धाकधूक असायची, काही सापडेल ना? आज पहिल्यांदाच वाटतंय, काही सापडू नये." मला फार वाईट वाटलं. मी नुसता त्यांचा हात धरला.

सापडलं. फुप्फुसात आणि पाठीच्या कण्यात. घरी साडूंनी स्कॅनची फिल्म खिडकीशी धरली. बाहेर धुरकं असल्याने उजेड असा नव्हताच, तरी ते त्या काळ्या ठिपक्यांकडे पाहत राहिले. "यंत्र चांगलं आहे हो," एवढंच म्हणाले आणि ताईंसाठी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. पातेलं कुठे असतं, ते ताईंनाच उठून दाखवावं लागलं.