कुठल्या रकान्यात टाकू?

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. शांत झाल्यावर लिहावं म्हणून बरीच वर्षं थांबले. शांत काही झाले नाही.

मी दिल्लीजवळ वाढले. वडील केंद्र सरकारात, घर फरीदाबादला. वनस्पतिशास्त्रात एमएससी केलं आणि एका खासगी कंपनीत लागले. कुठे मोठं बांधकाम व्हायचं असलं की त्या जागेवर काय काय जगतं आहे याची यादी करायची आणि अहवाल सरकारला द्यायचा, हे कंपनीचं काम. साहेब मराठी होते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटले की मी त्यांना काका म्हणायचे, ऑफिसात सर. नोकरी त्यांनीच दिली होती, वडिलांच्या शब्दाखातर.

शहराबाहेर अरवलीच्या एका उतारावर बंगल्यांची वसाहत येणार होती. मला तिथे पाठवलं तेव्हा पावसाळा अर्धा झाला होता. उतारावर धावड्याची दाट झाडं आणि मध्ये दगडांचं एक छोटं देवस्थान. या रानातली वाळलेली काटकीही कोणी न्यायची नाही, असा खालच्या गावाचा नियम होता. दिल्लीच्या आसपास मेलेलं लाकूड जमिनीवर राहतच नाही, लगेच चुलीत जातं. इथे मात्र पडलेली खोडं जागच्या जागी वर्षानुवर्षं कुजत होती. त्यामुळेच तिथे ते होते.

स्लाइम मोल्ड. मराठी पुस्तकांत कुठे कुठे ‘चिकट बुरशी’ म्हणतात, पण ती बुरशी नव्हेच. वनस्पती नाही, प्राणीही नाही. एका ओल्या खोडावर तळहाताएवढी पिवळीधमक जाळी पसरली होती. एवढा पसारा, पण तो सगळा मिळून एकच पेशी, आत हजारो केंद्रकं. भिंग लावलं तर शिरांतून रस वाहताना दिसायचा; थोडा वेळ पुढे, मग थांबून उलटा मागे. बॅक्टेरिया खात खात ती जाळी सरकत होती. तिने खाल्लेल्या बॅक्टेरियांमधलं पोषण परत मातीला मिळतं आणि मातीतून झाडांना. जागा सुकायला लागली की सरकणं संपतं आणि त्या लगद्यातून टाचणीच्या डोक्याएवढे, देठावर उभे असलेले इवलेसे गोळे तयार होतात. त्यात बीजाणूंची पूड. एका खोडावर तपकिरी केसांचे झुबके, दुसऱ्यावर गुलाबी मणी, पानांच्या थरात राखाडी ठिपके. मी एकेक नमुना काडेपेटीच्या तळाशी चिकटवून वर तारीख आणि जागा लिहीत गेले.

देवस्थान झाडायला गावातली एक म्हातारी यायची. मी खोडाशी वाकलेली पाहून पहिल्या दिवशी ती हसली. मग जवळ येऊन म्हणाली, “ये पीली वाली चलती है, बेटी. कल उधर थी.”

“आपको कैसे पता, अम्मा?”

“रोज़ झाड़ू लगाती हूँ. देखूँगी नहीं क्या?”

माझ्या एमएससीच्या वर्गात दोन वर्षांत कोणी जिवंत स्लाइम मोल्ड दाखवला नव्हता. आमच्यासाठी ती पुस्तकातली एक आकृती होती. ही बाई तो सरकताना रोज बघत होती.

पाऊस संपल्यावर मी अहवालाला जोडायची यादी सरांच्या टेबलावर ठेवली. दोन डझनांच्या आसपास प्रकार होते. सोबत मी लिहिलं होतं की पडलेलं लाकूड न हलवल्यामुळे हे रान जिवंत आहे, आणि ते साफ केलं तर यातलं काही उरणार नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“अगं, हे काय आहे? फॉर्ममध्ये झाडं आहेत, झुडपं आहेत, पक्षी, प्राणी. हे कुठल्या रकान्यात टाकू?”

“नवीन रकाना करा ना सर.”

“असं नसतं यार. समजून घे. वरचा माणूस विचारेल, ही भानगड काय आहे म्हणून. फफूंद है, सडी लकडी पर होती है, बस.”

“ती बुरशी नाही सर, फफूंद नाही.”

“अच्छा, नसेल. तुला कशाला त्रास?”

अहवाल छापून आला. माझी यादी नव्हती. माझ्या दोन महिन्यांच्या कामाच्या जागी एक ओळ होती: ‘निकृष्ट दर्जाची झुडपी जमीन, उल्लेखनीय जैवविविधता नाही.’ आणि खाली सर्वेक्षण करणारी म्हणून माझं नाव. ते चुकून राहिलं नव्हतं, त्यांनी ते मुद्दाम ठेवलं.

गावाच्या शाळेत जनसुनावणी झाली. तंबू, खुर्च्या, चहा. सर मंचावर, अधिकाऱ्यांच्या शेजारी. मी उठले आणि म्हणाले की हा अहवाल खोटा आहे, कारण त्यावर माझं नाव आहे आणि हे मी लिहिलेलं नाही. मग काडेपेट्या टेबलावर मांडून एकेक उघडली. अधिकाऱ्यांनी एक उचलली, भिंग नको म्हणाले, आणि हसले. “मैडम, इसके लिए प्रोजेक्ट रोक दें?” पुढच्या खुर्च्याही हसल्या. म्हातारी मागून उभी राहिली, म्हणाली, “हमारे देवता का बन है, लकड़ी भी नहीं उठाते.” तिला बसवलं गेलं. तिचं बोलणं कोणी लिहूनसुद्धा घेतलं नाही. लिहिणाऱ्याचं पेन मी पाहत होते, ते हललं नाही.

मंजुरी मिळाली. माझी नोकरी गेली.

घरी वडील म्हणाले, “काकांना फोन कर. सॉरी म्हण. मंडळात तोंड दाखवायचंय आपल्याला.”

“मी का सॉरी म्हणू, बाबा?”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “मीही अशा फायलींवर सह्या केल्यात. सगळेच करतात. जागा कशी आहे ते बघायला कोण जातं?”

माझी समजूत पटावी म्हणून ते हे सांगत होते. मी ताटावरून उठले. त्या दिवशी जेवढी सरांवर चिडले नव्हते तेवढी बाबांवर चिडले. सरांना मी परकं मानू शकले. बाबांचं काय करायचं ते कळेना. आम्ही दोन महिने कामापुरतं बोलत होतो. मी फोन केला नाही. गणपतीत ते एकटे गेले आणि लवकर परत आले.

पुढे गाझियाबादच्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवायला लागले. काही वर्षांनी त्या वसाहतीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने घरी बोलावलं, म्हणून गेले. देवस्थानाला संगमरवर लागलं होतं. धावड्याची मोजकी झाडं ‘हेरिटेज’ अशी पाटी लावून ठेवली होती आणि त्यांच्याखालची जमीन अंगणासारखी लख्ख होती. दोन माळी गळलेलं प्रत्येक पान उचलून काळ्या पिशव्यांत भरत होते. विद्यार्थिनीची आई कौतुकाने म्हणाली, “यहाँ बहुत सफ़ाई रखते हैं.”

मी एका झाडापाशी गुडघे टेकून माती उकरली. कोरडी, भुगा झालेली. नखात काहीच आलं नाही. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. चहा न घेता निघाले.